मोदक, पातोळ्या, शिरवाळे: गोडाच्या कॅलरी नेमक्या मोजायच्या कशा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

परवा नागपंचमी झाली, गणपतीला आता महिना राहिला. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे म्हणून हा धागा.

मी गुहागरजवळ राहते. मार्चमध्ये रक्ततपासणीत साखर काठावर निघाली. चिपळूणच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला १५०० कॅलरींचा आहार आखून दिला. गोड बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. "गोडाला १५० कॅलरी ठेवा, पण मोजून खा," एवढंच सांगितलं. भाकरी, भात, आमटी, मासे यांचा अंदाज महिन्याभरात हाताला बसला. गाडी अडली आहे ती गोडाशी.

मोबाइलमधल्या ॲपवर "मोदक, १ नग" असं शोधलं तर एका ठिकाणी ९० कॅलरी दाखवतं, दुसऱ्या ठिकाणी १८०. उकडीचा की तळणीचा, केवढा, कशाचा काही पत्ता नाही. शिरवाळे, सातकापे घावन, सांदण, खांडवी हे तर त्यांच्या यादीतच नाहीत.

मागच्या संकष्टीला सासूबाईंनी ११ मोदक केले, तेव्हा मी प्रत्येक मोदक काट्यावर ठेवून पाहिला. सगळ्यात लहान भरला ४१ ग्रॅम, सगळ्यात मोठा ६३. ताटात ते शेजारी शेजारी होते आणि डोळ्यांना मला त्यांत काही फरक दिसत नव्हता. मग "एक मोदक" म्हणून मी लिहायचं तरी काय? त्यावर तुपाची धार. ताट तूप घालण्याआधी आणि नंतर वजन केलं तर १३ ग्रॅमचा फरक आला. म्हणजे जवळजवळ ११७ कॅलरी नुसत्या तुपाच्या, आणि इतके दिवस मी ते "१ चमचा, ४०" असं लिहीत होते.

पातोळ्यांचंही तेच. हळदीच्या पानासकट वजन केलं आणि पान वेगळं वजन करायचं विसरले.

तुमच्याकडून जाणून घ्यायचं आहे ते असं. सासूबाईंचा हात अंदाजाचा, त्या काही मोजून घालत नाहीत. चतुर्थीचा नैवेद्य आमच्याकडे सोवळ्यात होतो, तिथे माझा बॅटरीचा काटा न्यायचा प्रश्नच नाही, आणि तो न्यावा असं मलाही वाटत नाही. त्या ७४ वर्षांच्या आहेत, पहाटे चारला उठून २१ मोदक वळतात. त्यांच्या हातातलं पीठ काढून काट्यावर ठेवायला माझं मन होत नाही. तरीही हिशोब खरा लागावा असा काही मार्ग आहे का?

दुसरं म्हणजे नारळाचं दूध. शिरवाळ्यांचा रस घरी काढलेल्या दुधाचा. नारळ वजन करता येतो, पण पिळून चोथा उरतो, त्यात किती राहिलं आणि दुधात किती उतरलं हे कसं कळायचं?

आणि आरतीला वाडीतल्या दहा घरी जाणं होतं. प्रत्येक घरी हातावर काहीतरी पडतंच. त्याचं काय करता तुम्ही?

*

प्रतिसाद १

ताई, नग मोजणं आधी सोडून द्या. पूर्ण घाणा मोजा.

घाण्यात जे जे जाईल त्याचं कच्चं वजन घ्या आणि कॅलरींची बेरीज करा. मी १०० ग्रॅमला हे आकडे धरतो: तांदळाचं पीठ ३६०, गूळ ३८०, ओलं खोबरं ३५० (नारळ जून असेल तर थोडं जास्त), तूप ९००. पाण्याला शून्य. मग सगळे मोदक शिजल्यावर एकत्र वजन करा. एकूण कॅलरी भागिले शिजलेलं एकूण वजन, म्हणजे एका ग्रॅमला किती ते निघालं. त्यानंतर तुमच्या पानातला मोदक ४१ ग्रॅमचा असो की ६३ चा, वजनाला तेवढ्यानं गुणायचं.

वाफेत पाणी शिरलं किंवा उडालं तर वजन बदलतं, कॅलरी बदलत नाहीत. कच्च्याचे आकडे शिजलेल्या वजनाला लावले की सगळं चुकतं. माझंही पहिले दोन महिने हेच चुकत होतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते पाहणार असाल तर ध्यानात ठेवा, त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. ४.१८ नं भागलं की कॅलरी. मी एकदा तोच आकडा कॅलरी समजून बसलो आणि खोबऱ्याची धास्तीच घेतली होती.

गूळ घातला म्हणून कमी धरू नका. चव वेगळी, पण कॅलरीत साखर आणि गूळ जवळजवळ सारखेच.

प्रतिसाद २

मी दापोलीत मोदकांच्या ऑर्डरी घेते, म्हणून थोडं हातचं सांगते.

वरच्या दादांची रीत बरोबर आहे, पण मोदकात एक मेख आहे. पारी आणि सारण यांचं वजन सारखं असलं तरी कॅलरी सारख्या नसतात. उकडीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. सारणात खोबरं आणि गूळ, आणि पाणी आटवूनच आपण ते काढतो. माझ्या हिशोबानं सारण ग्रॅमला ४ कॅलरींच्या आसपास जातं आणि पारी २ च्या आत राहते. म्हणजे ५० ग्रॅमचे दोन मोदक घेतले, एकात ३० ग्रॅम सारण आणि दुसऱ्यात २०, तर पहिला १६० ला जातो आणि दुसरा १४० ला. पातळ पारीचा, गच्च भरलेला मोदक ही सुगरणीची खूण, आणि जास्त कॅलरी त्यातच.

तुमच्या सासूबाईंचा हात इतक्या वर्षांचा आहे, त्यांचं सारणाचं प्रमाण मोदकागणिक फारसं हलणार नाही. लहानमोठा होतो तो पिठाच्या गोळ्यामुळे आणि त्याच मानानं सारणामुळे. तेव्हा घाण्याची सरासरी चालेल.

आता सोवळ्याचं. नारळ आदल्या दिवशी किंवा सकाळी बाहेर फोडला जातो ना? पाणी काढून घेतलं की दोन्ही भकलं काट्यावर ठेवा आणि वजन लिहून आत द्या. खवून झाल्यावर रिकाम्या करवंट्या बाहेर येतातच. त्यांचं वजन वजा केलं की आत किती खोबरं गेलं ते कळलं. गुळाची ढेप आणि पिठाचा डबाही तसाच, आधी आणि नंतर. तुपाची बरणीही. आतल्या कामाला हात लावायची गरजच नाही.

प्रतिसाद ३

करवंटीची युक्ती फार आवडली! हीच वजाबाकी आंब्याला करते मी. हापूस पूर्ण वजन करायचा, खाऊन झाल्यावर साल आणि बाठा वजन करायचा. उरलं ते पोटात गेलं. आंब्याला १०० ग्रॅमला ६० धरते.

तुपाला सगळ्यात सोपं म्हणजे तुपाचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, मग चमच्यानं तूप काढा. काट्यावर वजा जे दिसेल तेवढं तुम्ही घेतलं. घावनाच्या तव्याला शेंडीनं तेल लावतो त्या तेलाच्या वाटीलाही हेच. ताटाखाली काटा सरकवत बसायला नको.

प्रतिसाद ४

काटा कडप्प्यावर ठेवा, टेबलक्लॉथवर नको. एक लिटर पाणी एक किलो भरतं, त्यावर काटा अधूनमधून पडताळून बघा. बॅटरी उतरली की आकडे फिरतात. आणि चिमूट चिमूट हळू टाकलेलं बरेच काटे पकडत नाहीत, खसखस वगैरे वेगळ्या वाटीत मोजून एकदम टाका.

प्रतिसाद १ (पुन्हा)

नारळाच्या दुधाचं राहिलं होतं. चोथ्यात किती स्निग्ध राहिलं हे घरी मोजायला मार्ग नाही. पिळणाऱ्याच्या हातावर, पाणी कोमट होतं की गार यावर, सगळ्यावर ते अवलंबून. मी पूर्ण नारळाच्या कॅलरी रसात धरतो. चोथ्यात काहीतरी राहतंच, म्हणजे प्रत्यक्षात गेलेलं त्यापेक्षा कमीच असणार. तुमची साखर काठावर आहे, तेव्हा चूक व्हायचीच असेल तर या बाजूला होऊ दे. चोथा मात्र भाजीत किंवा चटणीत घातलात तर तिथे पुन्हा मोजू नका, तो एकदा धरून झाला आहे.

प्रतिसाद ५

दहा घरांच्या प्रसादाबद्दल. लाडू, करंजी, खिरापत हे आधी आपल्या घरचं वजन करून हातावर ठेवून बघत जा. तळहाताला सवय होते. आमच्या खिरापतीचा एक चमचा ५ ग्रॅम भरतो. पण तिच्यात सुकं खोबरं असतं, ते १०० ग्रॅमला साडेसहाशेच्या पुढे जातं, म्हणून ती मूठभर घ्यायची गोष्ट नाही. मी प्रत्येक घरी चमचाभरच मागून घेते आणि लाडू घरी आणते. आणलेला लाडू मग निवांत काट्यावर ठेवता येतो. "घरच्यांना नेते" म्हटलं की कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट आणखी एक बांधून देतात.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या संकष्टीला सगळं करून पाहिलं, ते सविस्तर लिहिते म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल.

सासूबाईंना आधी नीट सांगितलं, की मला तुमचे मोदक सोडायचे नाहीत, म्हणून हे मोजणं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग भकलं स्वतःच माझ्या हातात दिली आणि खवून झाल्यावर करवंट्या एकात एक घालून ओट्याच्या कडेला ठेवल्या. फेकल्या नाहीत.

खोबरं भरलं १८० ग्रॅम, गूळ ११०, तांदळाचं पीठ १३०, सारणात आणि उकडीत मिळून तूप १०. कॅलरी अनुक्रमे ६३०, ४१८, ४६८ आणि ९०, एकूण १६०६. वेलची आणि चिमूटभर खसखस सोडून दिली. चंद्रोदयानंतर नैवेद्य दाखवून झाल्यावर ११ मोदकांचं वजन केलं, ५५० ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला २.९ कॅलरी. मागच्या वेळचा ४१ ग्रॅमचा मोदक या हिशोबानं १२० चा आणि ६३ चा १८० च्या पुढचा. ॲपमध्ये दोन्ही "१ नग".

मी ४४ ग्रॅमचा घेतला, १२८ कॅलरी. बरणीतून वजाबाकी करून अडीच ग्रॅम तूप, म्हणजे साधारण २२. बरोबर १५०. अडीच ग्रॅम म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. धार धरता येत नाही तेवढ्यात, म्हणून मोदकाचं नाक मोडून आत सोडलं. गरम सारणात ते लगेच मुरलं, आणि वास अगदी तसाच आला.

नारळीपौर्णिमेला शिरवाळे केले होते. रसाला १९० ग्रॅम खोबरं आणि १२० ग्रॅम गूळ, पूर्ण नारळ धरून ११२१ कॅलरी, रस भरला ६२० ग्रॅम. ग्रॅमला १.८. माझी नेहमीची वाटी १४० ग्रॅमची निघाली, म्हणजे अडीचशे कॅलरी, आणि शिरवाळे वेगळेच. हे पाहून मला खरंच धक्का बसला, कारण रस पातळ म्हणून मी दोनदा घ्यायचे. त्या दिवशी ५० ग्रॅम रस घेतला, ९० कॅलरी, उरलेल्या ६० शिरवाळ्यांना.

चतुर्थीला भकलं मी वजन करून आत देणार आणि करवंट्या बाहेर येणार, हे ठरलं आहे. पीठ आणि गूळ आदल्या रात्रीच मोजून ठेवेन.

आता एकच राहिलं. गौरीला घावन-घाटलं असतं. घाटलं सकाळी पातळ असतं आणि जेवायच्या वेळेपर्यंत चांगलंच आळतं. एकूण वजन कधीचं धरायचं, उतरवल्यावरचं की वाढतानाचं?

प्रतिसाद २

वाढतानाचं. रिकाम्या टोपाचं वजन आदल्या दिवशीच टोपाच्या बुडाला पेनानं लिहून ठेवा, आयत्या वेळी रिकामा टोप सापडत नाही. आणि नैवेद्याच्या वाटीत काढलेलं घाटलं वजनात धरायला विसरू नका, ते त्याच टोपातलं आहे.