सोसायटीच्या गेटचं कार्ड 'वाचलं', आता कमिटीला सांगू कसं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पेशाने अकाउंटंट, इलेक्ट्रॉनिक्स फक्त शनिवार-रविवारचं. गेल्या महिन्यात पाकीट हरवलं, त्यात सोसायटीचं गेट-कार्डही गेलं. नव्या कार्डाचे ३०० रुपये भरले आणि डोक्यात किडा वळवळला: या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात असं आहे तरी काय?

आधी आरसी-५२२ हा कार्ड वाचणारा रीडर आर्डुइनोला (हौशी लोकांचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) जोडला. कार्ड टेकवलं, ढिम्म. मोबाइलच्या एनएफसीलाही (टेकवून कार्ड वाचायची सोय) पत्ता नाही. मग टॉर्चसमोर धरलं तर आत बारीक तारेचं गोल वेटोळं दिसलं. तेव्हा ट्यूब पेटली: हे त्या रीडरच्या आणि मोबाइलच्या १३.५६ मेगाहर्ट्झ लहरींवर चालणारं नाहीच, जुनं १२५ किलोहर्ट्झवालं आहे. १२५ किलोहर्ट्झचा रीडर, आरडीएम-६३००, मागवला, आणि पहिल्याच फटक्यात कार्डाने नंबर ओकला. ना पासवर्ड, ना उलटतपासणी. रीडरजवळ नेलं की बापडं आपला नंबर बडबडत सुटतं.

खरा धक्का पुढेच. तो हेक्समधला (सोळाच्या पटीत लिहिलेला) नंबर नेहमीच्या दशमानात केला, तर कार्डावर छापलेले तेच दहा आकडे! आणि आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर वरचेवर कुणीतरी "बी विंगच्या जिन्यात कार्ड सापडले, कुणाचे?" म्हणून फोटो टाकतं. आकड्यांसकट. पुन्हा लिहिता येणारी कोरी कार्डं बाजारात सहज मिळतात, म्हणजे पुढचं सांगायला नको.

आता अडलंय ते असं. दुसऱ्या कार्डावर माझाच नंबर लिहून गेट उघडतं का, हे बघितलं तर चालेल का? माझंच कार्ड, माझंच गेट. की तेही नको? आणि सेक्रेटरी काकांना सांगायचं कसं? मागे लिफ्टचं पॅनेल उघडं असताना आत डोकावलो होतो, तेव्हापासून ते माझ्याकडे संशयानेच बघतात.

(अवांतर: लिफ्टमध्ये खरंच फक्त डोकावलो होतो.)

प्रतिसाद १
कार्ड तुमचं, पण गेटची यंत्रणा सोसायटीची. आयटी कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या वापराबद्दल आहे. त्यात लबाडीचा हेतू असेल तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा हेतू तसा नाही हे दिसतंच आहे, पण ते पोलीस चौकीत बसून समजावत राहण्याची हौस कशाला? आधी दोन ओळींचं लेखी पत्र घ्या, मग काकांच्या समोरच करून दाखवा. ग्रुपवर मात्र चकार शब्द नको.

प्रतिसाद २
तुम्ही एकटे नाही. २००८ साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी बोस्टन मेट्रोच्या तिकिटांतल्या त्रुटी शोधल्या, तर त्यांचं डेफकॉन या हॅकर संमेलनातलं भाषण कोर्टाच्या आदेशाने थांबवलं. गंमत म्हणजे स्लाइड्सच्या सीड्या आधीच वाटून झाल्या होत्या. पुढे आदेशही उठला.

कमिटीकडे जाताना तोडगा घेऊन जा, नाहीतर व्हेंडर 'नवीन सिस्टीम' म्हणून मायफेअर क्लासिक हे १३.५६ मेगाहर्ट्झवालं कार्ड गळ्यात मारेल. त्याची किल्ली (आतला गुप्त आकडा) जेमतेम ४८ बिटांची, आणि तीही २००८ मध्येच फुटली. वर बरेच जण बसवताना कार्डाचा नुसता यूआयडी (कुणालाही वाचता येणारा ओळख क्रमांक) तपासतात. मग पैसे वाया, खेळ तोच. डेसफायरसारखं एईएसवालं (मजबूत सांकेतिक कुलूप असलेलं) कार्ड मागा आणि 'रीडर किल्ली तपासतो की फक्त यूआयडी?' हा प्रश्न व्हेंडरला लेखी विचारा. तोवर छापील आकड्यांवर स्टिकर चिकटवायला सांगा, ते फुकटात होतं.

धागाकर्ता
दोघांचे आभार. कोरं कार्ड मागवलंय, पण लेखी पत्र मिळेपर्यंत त्याचं पाकीट फोडणार नाही. रविवारी काका पाण्याच्या टाकीपाशी एकटे असतात, तिथेच गाठतो. स्टिकरपासून सुरुवात करेन, लिफ्टचा विषय निघाला नाही म्हणजे मिळवलं.