कयाकने तलाव, मग नदी: लेकीला नेऊ का?

कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीने, जंगलातल्या मोठ्या तलावातून त्यातूनच निघणाऱ्या नदीत उतरायचंय, तीन दिवस. मला फक्त शांत पाण्याची सवय आहे. सोबत १४ वर्षांची लेक. नदीची धास्ती वाटते.

उत्तर १: आधी तलावाचं बघा. दुपारी वारा उठला की उघड्या पाण्यावर लाटा चढतात. पहाटे निघा, काठाकाठाने जा. पाणी थंड असेल तर पडल्यावर पहिला मिनिटभर श्वासच आवरत नाही, आणि हातपाय कामाचे राहतात जेमतेम १० मिनिटं. म्हणून लाइफ जॅकेट अंगावरच हवं. होडीत पडलेलं काय कामाचं?

उत्तर २: नदीत मला खडकांपेक्षा आडव्या पडलेल्या झाडांची भीती वाटते. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो. एका वळणावर असंच खोड अगदी शेवटी दिसलं, कसाबसा काठ गाठला. तेव्हापासून पुढचं दिसत नसेल तर उतरून चालत बघून येतो. वेळ जातो, जाऊ दे.

प्रश्नकर्ती: जॅकेट मागे बांधून ठेवणार होते. आता दोघींच्याही अंगावर राहील. आंधळ्या वळणांवर उतरून बघू. आणि लेकीला आधी काठाजवळ, उथळ पाण्यात मुद्दाम उलटून बाहेर यायला शिकवते.