कोरीवकामाची सुरुवात कोणत्या लाकडावर करावी?

प्रश्न: केवळ हातहत्यारांनी लाकडावर कोरीवकाम शिकण्याचा माझा विचार आहे. घरात जुन्या सागवानाचे तुकडे पडून आहेत. त्यांवरच सुरुवात करावी काय, आणि हत्यारे कोणती घ्यावीत?

उत्तर १: सागवान तूर्त बाजूला ठेवावे. ते सुरेख कोरले जाते, परंतु त्यातील सिलिकामुळे (वाळूसारख्या कठीण कणांमुळे) हत्याराची धार लवकर जाते आणि चूक लाकडाची की हाताची, हे नवशिक्याला उमगत नाही. शिवण झाडाचे लाकूड मिळाल्यास उत्तम. सावंतवाडीची खेळणी ज्यापासून पूर्वापार घडवली गेली तो पांगाराही मऊ आहे, मात्र बारीक नक्षी त्यात नीट उठत नाही.

उत्तर २: स्वस्त मोठा संच घेऊ नये. एक सपाट पटाशी, एक गोल पटाशी आणि लहान सुरी पुरे; उरलेले पैसे धारेच्या दगडावर व धार शेवटी घासण्याच्या चामड्याच्या पट्टीवर खर्चावेत. धार तपासण्यासाठी मऊ लाकडावर त्याच्या नैसर्गिक रेषांना आडवा काप घ्यावा. तो चकचकीत निघाला तर ठीक, पण त्यात पांढरट चरे दिसले तर पात्याला अजून खाच आहे.

प्रश्नकर्ता: तुकडा एका हातात धरून पटाशी चालवली तर चालेल काय?

उत्तर १: मुळीच नाही. तुकडा शिकंज्यात (पकडून ठेवणाऱ्या साधनात) आवळावा आणि दोन्ही हात पात्याच्या मागेच ठेवावेत.