जुन्या बोर्डावरच नवा प्रोसेसर बसवावा, पूर्ण सेट बदलू नये

टिळकवाडी_१४४
घरातला पीसी डिसेंबर २०१९ चा. एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. गणपतीत धाकट्या भावासाठी १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणारा) मॉनिटर घेतला आणि तिथून दुखणं कळलं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर फुटला आणि चार-पाच जण एकदम समोर आले की गेम अडखळतो. हातात १५ हजार आहेत. त्यातले ६ हजार धाकट्याने सुट्टीत काम करून साठवलेत, म्हणून एक रुपयाही वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुकानात विचारलं तर "बोर्ड जुना झाला, प्रोसेसर-बोर्ड-रॅम सगळा सेटच घ्या" म्हणाले. मला ते पटलेलं नाही. माझ्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसायच्या खाचेवर) २०१७ चा पहिला रायझन बसत होता आणि २०२२ चा रायझन ५ ५६०० पण बसतो. बोर्ड धडधाकट असताना तो काढून फेकायचा कशाला? ५६०० घ्यावा, बायोस (बोर्डाचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं आणि पुढची तीन-चार वर्षं निवांत काढावीत. कुणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा.

निपाणीकर_एएम५
माझं वेगळं आहे. मित्रा, ज्या सॉकेटचा रस्ता संपला त्यात पैसे घालायलायस. ५६०० नंतर काय? पुन्हा बोर्ड, पुन्हा रॅम, आणि हे १५ हजार गेलेच. एएम५ हे एएमडीचं नवं सॉकेट २०२२ ला आलं आणि २०२७ पर्यंत, त्याच्याही पुढं, त्यावर प्रोसेसर देणार असं एएमडीने जाहीर केलंय. आज रायझन ५ ७६०० घेतलास तर तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा.

हे मी अनुभवातून बोलतोय. २०१९ ला मी सहा कोर, सहा थ्रेडचा प्रोसेसर घेतला. पुढच्याच वर्षी कंपनीने सॉकेट बदललं आणि माझा बोर्ड तिथंच अडकला. ते दुखणं तुझ्या धाकट्याला नको. सहा महिने थांबा, पैसे साठवा आणि एकदाच नीट घ्या.

टिळकवाडी_१४४
तुझा अनुभव खरा आहे, पण त्यावरून माझं गणित मांडता येत नाही. तू अडकलास कारण तुझ्या सॉकेटवर पुढे जायला जागाच नव्हती. माझ्याकडे ती जागा सहा वर्षांनंतरही शिल्लक आहे. एएम५ वर डीडीआर४ चालत नाही, म्हणजे माझी चांगली रॅमही मोडीत. आणि २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला लागल्यापासून डीडीआर५ चे भाव कुठे गेले ते बघ की! सहा महिने थांबून साठवलेले पैसे त्या भाववाढीतच जातील.

राहिला प्रश्न फरक किती पडेल याचा. २६०० चे सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत, प्रत्येक गटाला आपली ८ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी). या गटाला त्या गटाकडचं काही लागलं की वळसा पडतो. ५६०० मध्ये सहाही कोर एकाच पंगतीत, मध्ये ३२ एमबी कॅश. शिवाय कमाल वेग ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर जातो, वॅट तेवढेच, ६५. गेमला हीच कॅश लागते, त्यामुळे नुसत्या कोरच्या आकड्यावर जाऊन चालत नाही.

खानापूरचा_संत्या
दोघंही प्रोसेसरवरच भांडालायसा. कार्डाचं कोण बोलणार? १६६० सुपरला ६ जीबी मेमरी. नवे गेम त्यात मावत नाहीत. मी हेच दोन वर्षांमागं केलो. प्रोसेसर २६०० तसाच ठेवलो आणि ओळखीतल्या एकाकडनं सेकंडहँड आरएक्स ६६०० घेतलो, ८ जीबीचा. सायबरपंक २०७७ पहिल्यांदा नीट खेळलो ते त्या दिवशी. तुमच्या १५ हजारात तेवढंच करा की ओ. धाकट्याला विचारलायसा काय, तो खेळतोय काय काय?

आणि मापल्याशिवाय बोलू नका. गेम चालू असताना कार्डाचा वापर बघा. ९७-९९ टक्के असंल तर कार्ड दमलंय. ६०-७० वर रेंगाळत असंल तर प्रोसेसर. दुसरी खूण म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरनं ७२० ला आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

संकेश्वर_१२वी_पिढी
इंटेलचा आय५-१२४००एफ कुणी काढलाच नाही. डीडीआर४ चा बोर्ड मिळतो, म्हणजे जुनी रॅम वापरता येते.

टिळकवाडी_१४४
@संकेश्वर: पण बोर्ड नवा घ्यावाच लागतो, आणि तो सॉकेटही १४ व्या पिढीवर थांबला. मग घरचा बोर्ड काय वाईट?

@संत्या: तुझं ऐकून काल रात्री दोघं भाऊ मापायला बसलो. सायबरपंकमध्ये कार्ड ९९ टक्के, फ्रेम ४५-५० च्या आसपास. तिथं तू बरोबर. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मात्र कार्ड ६५ च्या वर जाईना, आणि गर्दीत फ्रेम ७० पर्यंत खाली. ७२० ला आणलं तरी सरासरी दोन-तीन फ्रेमच हलली. म्हणजे प्रोसेसरच. धाकटा आठवड्यात दहा तास खेळत असेल तर त्यातले आठ काउंटर-स्ट्राइक. सायबरपंक एकदा संपवला की संपला. त्यामुळे कार्डाचं तुझं म्हणणं मान्य करूनही माझा पहिला पैसा प्रोसेसरलाच जाणार.

निपाणीकर_एएम५
मापलंस हे बेस्ट केलंस. काउंटर-स्ट्राइकपुरतं मी मागं सरकतो. पण "तीन-चार वर्षं निवांत" हे काही पटत नाही. पुढच्या वर्षी धाकटा कार्ड मागणार, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. बी४५० वर कार्डासाठी पीसीआय एक्स्प्रेस ३ ही जुनी, हळू जोडणीच मिळते, ५६०० बसवला तरी. कमी लेनची (डेटाच्या कमी वाटांची) नवी कार्डं तिथं मार खातात, आणि कार्डाची मेमरी भरली की जास्तच. हे ध्यानात ठेवूनच पुढचं कार्ड घे, नाहीतर मला शिव्या देशील.

शहापूर_रिपेअरवाले
मुलांनो, वीस वर्षं मशीन उघडतोय म्हणून सांगतो, खरेदीच्या आधी दोन गोष्टी बघा.

पहिली, रॅम किती वेगाने चालते ते टास्क मॅनेजरमध्ये बघा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मशीनींत रॅम ३२०० ची असते आणि चालते २१३३ किंवा २४०० वर, कारण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग) कुणी चालूच केलेलं नसतं. रायझनमध्ये रॅमचा वेग आतल्या जोडणीच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणून फटका दुप्पट बसतो. २६०० अधिकृतपणे २९३३ पर्यंतच आहे. ३२०० वर मशीन अडलं तर २९३३ ला ठेवा.

दुसरी, बायोस. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचं. आधी नवा बसवून ठेवलात तर जुन्या बायोसला तो ओळखू येणार नाही, स्क्रीन काळीच राहील. बोर्ड कंपनीच्या साइटवर आपल्या बोर्डाची प्रोसेसरची यादी असते, त्यात ५६०० समोर कुठली आवृत्ती लिहिलीय ते बघून घ्या. बोर्डाच्या नावातलं एक अक्षरसुद्धा जुळलं पाहिजे. आणि यूपीएस असल्याशिवाय अपडेटला हात लावू नका. पावसात आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. मध्येच गेली तर बोर्ड मेला म्हणून समजा.

काढतानाही सांभाळा. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही. सहा वर्षांची पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर लॉकमधून उपटून त्याला चिकटून येतो आणि पिना वाकतात. आधी अर्धा तास गेम चालवून मशीन गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हळू फिरवत सोडवा.

घेताना सीलबंद बॉक्सचाच घ्या, त्यात कूलर येतो. सुटा ट्रेमधला स्वस्त पडतो, पण वॉरंटी कुणाची हे आधी बिलावर लिहून घ्या.

टिळकवाडी_१४४
काका, तुमचा फार उपकार झाला. रॅम २४०० वरच चालत होती! सहा वर्षं! एक्सएमपी लावलं, ३२०० वर दोनदा रीस्टार्ट झाला, आता २९३३ वर स्थिर आहे. गर्दीतल्या फ्रेम ७० वरून ८० च्या पुढे गेल्या, तेही फुकटात.

खानापूरचा_संत्या
बघा! मग आता प्रोसेसर कशाला? ते पैसे ठेवा आणि कार्डात घाला.

टिळकवाडी_१४४
संत्या, मॉनिटर १४४ चा आहे आणि गेम ८० वर पडतो. तफावत अजून बरीच दिसते. ५६०० घेणारच. बेंगळुरूच्या एस. पी. रोडला भाव थोडा कमी मिळतो, पण त्यासाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जाऊन-येऊन रात्री घालवायच्या आणि वॉरंटीला पुन्हा तिकडेच धावायचं, ते नको. निपाणीकरकडून कोल्हापुरातलाही भाव विचारून घेतलाय. जीएसटी सगळीकडे १८ टक्केच, इकडून घेतला काय, तिकडून काय. फरक दोन-तीनशेचा असेल तर बेळगावातच घेतो, काही झालं तर चालत जाऊन दुकानदाराला विचारता येतं. उरलेले पैसे धाकट्याच्या नावावर, कार्डासाठी.

काका, एकच अडचण आहे. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण लाईट गेली की बदलताना पीसी एखादवेळी रीस्टार्ट होतो. त्यावर बायोस करू का?

शहापूर_रिपेअरवाले
नको. रविवारी सकाळी दहाच्या पुढे मशीन आणि पेनड्राइव्ह घेऊन दुकानात या. माझ्या यूपीएसवर करू. धाकट्याला पण आणा, कूलर त्याच्याच हातून सोडवू.