बादलीतलं मगभर पाणी टाकलं आणि आंधळा नर पिसाळला. हा वासाचा खेळ का?

टिकली:
गोल्डफिश पाळून चार वर्षं झाली, पण आजचा प्रकार पहिल्यांदाच पाहिला. टाकीत तीन नर, एक मादी. पहाटे उठले तर तिघे मिळून तिला काचेला रेटत होते, पोटाखाली ढुशा चालल्या होत्या, खवले निघायच्या बेतात. तिला उचलून बादलीत ठेवलं, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन टाकला. टाकी दहा मिनिटांत शांत. दोनेक तासांनी टाकीतलं पाणी कमी वाटलं म्हणून बादलीतलंच मगभर ओतलं. मिनिटसुद्धा झालं नसेल, तिघेही पुन्हा सैरभैर! मादी नाही तर एकमेकांच्याच शेपटीमागे. आणि सगळ्यांत आधी उठला तो काळा मूर (गोल्डफिशचीच एक जात), ज्याचे दोन्ही डोळे गेल्या वर्षीच गेले.

मासा नाकाने श्वास घेत नाही, मग त्याला पाण्यात वास येतो तरी कसा? आणि मादीचा असा कुठला वास असतो?

जाता जाता: तिन्ही नरांच्या कल्ल्यांच्या झाकणांवर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके आलेत. इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग, दिसतोय. संध्याकाळी तांब्याचं औषध घालणार आहे.

निशाचर:
नवीन पाणी पडलं की गोल्डफिश उधळतातच, वासबीस काही नाही. दुसऱ्या बादलीतलं साधं पाणी ओतून बघा, तेच होईल.

पाणकावळा:
औषध घालू नका! बाटली खाली ठेवा आणि आधी हे वाचा.

काही वर्षं मी माशांच्या नाकावर काम केलंय. माशाच्या प्रत्येक नाकपुडीला दोन तोंडं असतात. पुढच्यातून पाणी आत, मागच्यातून बाहेर, मध्ये कातडीचा छोटा पडदा. घशाशी काही संबंध नाही. आत पाकळ्या पाकळ्यांचं एक फूल असतं, त्यावर घ्राणपेशी. पाण्यात विरघळलेला रेणू पेशीवर येऊन बसला की झाला वास. आपल्यालासुद्धा नाकातल्या ओलाव्यात विरघळल्याशिवाय वास येत नाही, तेव्हा पाण्यात वास येण्यात अवघड काही नाही.

आता मादी. अंडी सुटण्याच्या आदल्या रात्री तिच्या रक्तात एक स्टेरॉइड हॉर्मोन उसळतं, १७,२०-बीटा-पी. ते कल्ल्यांतून पाण्यात झिरपतं. नराला त्याचा माग लागला की त्याचे स्वतःचे हॉर्मोन चढतात आणि काही तासांत वीर्य वाढतं, म्हणजे पहाटेपर्यंत गडी तयार. स्टेसी, सोरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८७ साली गोल्डफिशमध्येच दाखवलं. किती थोडं पुरतं म्हणाल, तर १ ग्रॅम पदार्थ सुमारे ३०० कोटी लिटर पाण्यात, एवढ्या पातळ द्रावणाचीही नाकाला दखल असते.

अंडी सुटली की दुसरा माल सुरू होतो: प्रोस्टाग्लँडिन नावाचं हॉर्मोन, मुख्यतः लघवीतून. तुम्ही पाहिलात तो धुडगूस याचाच. बादली लहान, मादी दोन तास आत, म्हणजे तुमच्या मगात काय होतं ते सांगायला नको. बाहेरून प्रोस्टाग्लँडिन टोचलं तर पोटात एक अंडं नसलेली मादीसुद्धा अंडी घालायच्या हालचाली करते आणि नर तिच्यामागे लागतात.

नाकाकडून मेंदूकडे मज्जातंतूंचे दोन पदर जातात. आतल्या बाजूचा या वासांची खबर नेतो, बाहेरचा मुख्यतः खाण्याची. प्रयोगात आतला पदर कापला की नर मादीकडे ढुंकून बघत नाही, खाणं मात्र शोधतो. तुमच्या मूरचे डोळे गेलेत, पदर शाबूत आहेत.

एक गोष्ट मला अजून गमतीची वाटते. मादी बिचारी कुणाला निरोप पाठवत नसते. तिचं हॉर्मोन शरीरातलं काम करून गळतं, इतकंच. ही चोरून ऐकण्याची कला नरांच्या नाकाची. सुरुवात तरी तशीच झाली असणार, असं माझं मत.

आणि निशाचर यांची चाचणी जरूर करा, मग मात्र नवा घ्या. आम्ही केसाएवढा इलेक्ट्रोड त्या फुलाजवळ धरून स्क्रीनवरची रेषा बघत असू; वास लागला की ती खाली जायची. एकदा साधं पाणी सोडलं तरी रेषा खाली! दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं, आधीच्या प्रयोगातलं स्टेरॉइड नळीच्या आतून चिकटून बसलं होतं.

राहिला इक. तो अंगभर, परांवर, शेपटीवर कुठेही उगवतो, मादीलाही सोडत नाही. फक्त नरांच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला दाणे असतील तर ते विणीच्या हंगामाचे दाणे. बोटाला खरखरीत लागतात. आणि तांबं पाण्यात पडलं की पहिला मार याच घ्राणपेशींना. त्या नव्याने येतात, पण तोवर तुमच्या आंधळ्या मूरचं नाकही गेलं म्हणजे त्याच्याकडे उरलं काय?

निशाचर:
बरं, मग मादी उचलल्यावर टाकी शांत का झाली? वास तर पाण्यात तसाच होता.

पाणकावळा:
रास्त शंका. एकच वास सारखा येत राहिला की पेशी त्याला सरावतात, आपलंही तसंच होतं. मादीची लघवी थोडी थोडी, झटक्यांनी सुटते, पाणवनस्पतीत शिरली की जास्तच वेळा. मादी बाहेर, झटके बंद. मगभर पाणी म्हणजे एक मोठा झटका. तुमच्या टाकीत नेमकं हेच झालं असावं, हा माझा अंदाज.

टिकली:
चाचणी केली. नव्या मगाने साधं पाणी: एक जण खाणं समजून वर आला, बाकी ढिम्म. अर्ध्या तासाने बादलीतलं पाणी: पुन्हा धिंगाणा, मूर पहिला. ठिपके खरखरीतच लागले, मादीला एकही नाही. बाटली कपाटात गेली.

आता बादलीच्या तळाला अंडी चिकटायला लागलीत. मूरला तिच्याजवळ सोडू का?

पाणकावळा:
सोडा, आत्ताच. पण त्या एकट्यालाच, तिघे नकोत. आणि काम झालं की दोघांनाही बाहेर काढा, नाहीतर अंडी तेच खातील.