मुलांच्या रुग्णालयाला देणगी: मशीनच द्यावं का?

कल्याणकर: आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीतून यंदा लाखभर रुपये उरलेत. लहान मुलांच्या रुग्णालयाला मशीन द्यायचं जवळपास ठरलंय. मला वाटतं, वस्तीतल्या मुलांपर्यंत पोचेल असं काही द्यावं. पण रुग्णालय दाराबाहेर नेमकं काय करतं? कुणी आतलं माणूस आहे का इथे?

निवृत्त सिस्टर: आहे ना. नवजात कक्षात जन्म गेला माझा. मशीन येतं वाजतगाजत, पण वॉरंटी संपली की दुरुस्तीची फाइल टेबलाटेबलांवर फिरते.

अपुऱ्या दिवसांचं बाळ घ्या. दीड किलोचं वाचवलं, आईच्या छातीशी बांधून वजन वाढवलं, घरी सोडलं. त्याच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून चार आठवड्यांच्या आत तपासायचा असतो आणि एका तपासणीत भागत नाही. चुकलं तर कायमचं आंधळेपण येऊ शकतं. बाप रोजंदारीवर, आई बाळाला घेऊन माहेरी. फोन लावला की "सोमवारी आलोच सिस्टर". कसले येताहेत! गाडीभाडं वर आणि एक खाडा. त्यांना काय बोलणार?

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं बघा. ते फक्त मुलांचं नाही, पण 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्यांना दूध जास्त येतं त्या आया देतात, ते 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून गोठवतात आणि ज्यांच्या आईला दूध नाही त्या नाजूक बाळांना पाजतात. पुढे 1999 मध्ये याच डॉक्टरांनी ‘स्नेहा’ संस्था काढून धारावीसारख्या वस्त्यांत काम उभं केलं. बाळाचं अर्धंअधिक नशीब आईच्या गरोदरपणातच ठरतं, हे वॉर्डात उभं राहिलं की रोज दिसतं.

डहाणूवाला: सिस्टर, अगदी बरोबर. बायको अंगणवाडी सेविका आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, बाकी नजर हिचीच. पोराच्या दंडाला घेर मोजायची पट्टी लावायची, 11.5 सेंटिमीटरच्या खाली आली की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. वर आजारी असलं किंवा खात नसलं, तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं, आईनेही तिथेच राहायचं. आई म्हणते, "घरच्या दोघांना कोण बघंल?" त्यावर काय सांगणार?

कल्याणकर: मग लाख रुपये द्यायचे कुठे?

निवृत्त सिस्टर: आधी रुग्णालयाच्या समाजसेवकांना भेटा, औषधाला आणि भाड्याला कोण अडलंय हे त्यांना तोंडपाठ असतं. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ‘पुअर बॉक्स’ नावाचा गरीब रुग्णांचा निधी असतो. "फेरतपासणीला येणाऱ्यांच्या गाडीभाड्यासाठी" असं पत्रात स्पष्ट लिहा, ते चालेल का ते आधी विचारून घ्या आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका.