गाण्याच्या क्लासला घेताना मुलाचा 'कान' तपासावा का?

नौपाडा_षड्ज: ठाण्यात काही क्लासमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलाला पेटीवर एक सूर देऊन 'हाच लाव' म्हणतात. नाही लागला की 'कान नाही' सांगून परत पाठवतात. हे बंद व्हायला हवं, कारण यात कान तपासलाच जात नाही. ऐकणं वेगळं, गळ्यातून काढणं वेगळं. त्यात पुरुष शिक्षक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून) गाऊन दाखवतो आणि मुलाला सोयीची असते काळी चार किंवा पाच, मग ते मधलाच कुठला तरी सूर धरतं. ऐकणंच तपासायचं तर दोन सूर वाजवून दुसरा चढा की उतरा एवढंच विचारा. आधी सा-प, मग सा-ग, शेवटी सा-कोमल रे, म्हणजे अंतर कमी कमी होत जातं.

कोपरी_पूर्व: चाचणीची पद्धत चुकीची आहे, मान्य. पण उपजत फरक असतो हे नाकारू नका. 2001 मध्ये 'सायन्स'मध्ये जुळ्यांवरचा अभ्यास आला होता. ओळखीच्या चालींत मुद्दाम चुकीचे सूर घालून ते ओळखायला सांगितले होते. माणसामाणसांतल्या फरकाचा 71 ते 80 टक्के वाटा आनुवंशिक निघाला. काही लोकांना तर जन्मापासूनच चढ-उतार नीट कळत नाही.

ऐरोली_गांधार: तो आकडा एका समूहातल्या फरकाचा आहे. अमुक मूल कुठवर जाईल, हे त्यातून कळत नाही. दुसऱ्या कुठल्या सुराच्या आधाराशिवाय सूर ओळखण्याचं (परफेक्ट पिच) म्हणाल, तर जपानमध्ये 2 ते 6 वर्षांच्या 24 मुलांना रोज थोडा थोडा वेळ स्वरसंघ (एकत्र वाजणारे सूर) ओळखायला शिकवलं. 22 जणांनी शिक्षण पुरं केलं आणि त्या सगळ्यांना ते जमलं. हा अभ्यास 2014 चा.

कोपरी_पूर्व: त्यात न शिकवलेल्या मुलांचा गट तुलनेला नव्हता. आणि वय? 1998 च्या अमेरिकेतल्या पाहणीत चार वर्षांच्या आत शिकायला लागलेल्या संगीतकारांपैकी 40 टक्क्यांनी ही क्षमता असल्याचं सांगितलं, नवव्या वर्षानंतर सुरू केलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी. म्हणजे सातव्या वर्षी क्लासला आलेल्याची ती वेळ बहुतेक टळलेलीच.

वाशी_तानपुरा: पण ती क्षमता आपल्या गाण्याला लागते कुठे? आपला षड्ज (सा) हलता, गाणाऱ्याच्या सोयीनं ठरतो. ज्याच्या डोक्यात पांढरी एक म्हणजेच 'सा' असं पक्कं बसलंय, त्याला काळी चारचा सा घेऊन भूप राग गाताना उलट अडखळायला होतं. लागतं ते षड्जापासूनचं अंतर ओळखणं, आणि ते तालमीनं येतं. घरी असं करा:

तानपुरा मुलाच्या पट्टीत (त्याला सोयीच्या सा मध्ये) लावा, जोड (मधल्या दोन सारख्या तारा) नीट जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. रोज दहा मिनिटं, पहिले काही आठवडे फक्त सा आणि प. मग डोळे मिटून ओळखायला सांगा, सूर क्रमानं देऊ नका. सा-प पक्के झाले की तार सा (वरचा सा), त्यानंतर ग. दर आठवड्याला पट्टी अर्ध्या स्वरानं बदला, नाहीतर मूल अंतर न शिकता तो एकच आवाज पाठ करतं. पेटी समोर नको. पट्ट्या दिसल्या की डोळे उत्तर देतात, आणि पेटीचा शुद्ध गांधार (ग) तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले 14) चढा असतो. कान त्याच चढ्या गांधाराला सरावला की पुढे तो उतरवताना फार त्रास होतो. घोडबंदर रोडसारख्या रहदारीच्या रस्त्यालगत घर असेल तर खिडक्या लावून बसा. गाड्यांच्या घरघरीत तानपुऱ्याचा खर्ज (सर्वांत खालचा सूर) आधी बुडतो.

कोपरी_पूर्व: तीन महिने हे करूनही सा-प वेगळे कळले नाहीत तर? तेव्हा पालकांना खरं सांगून तबल्याकडे वळवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

नौपाडा_षड्ज: तबला षड्जात मिळवायलाही कानच लागतो. गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकताना चढलं की उतरलं हे कळलं नाही तर पुडी (वरचं कातडं) फाटेपर्यंत माणूस हातोडी मारत बसेल. तीन महिन्यांनी आधी चढा-उताराची चाचणी पुन्हा घ्या. ती जमत असेल तर अडचण गळ्याची आहे. मग पट्टी एक-दोन स्वर खाली घेऊन, तोंड मिटून नुसत्या हुंकारात सा लावून बघा.